गवताच्या आत राहणारी बुरशी गुरांना विषारीच असते का? (प्रश्न धुळ्याहून)

नाही, नुसत्या बुरशीवरून विष ठरत नाही. ते घडवणाऱ्या विकरांची (एन्झाइमांची) जनुके तिच्यात शाबूत आहेत का, यावर ठरते. एपिक्लोई ही बुरशी फेस्क्यू, रायग्रास अशा थंड मुलखातल्या गवतांत पेशींच्या मधल्या जागेत राहते आणि बियाण्यातून पुढे जाते. तिचे डीएमएडब्ल्यू हे जनुक ज्या विकराचे आहे, ते ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लावर पहिली जोडणी करते. पुढच्या पायऱ्यांनी एर्गोव्हॅलिन हे विष बनते आणि जनावराच्या रक्तवाहिन्या आकसतात. रायग्रासमधल्या बुरशीचे हे एकच जनुक निकामी केल्यावर बुरशी गवतात तशीच राहिली, एर्गोव्हॅलिन मात्र थांबले. माझ्या मते सर्वांत पक्का पुरावा हाच. न्यूझीलंडमध्ये वापरला जाणारा एआर१ हा या बुरशीचा वाण तर एर्गोव्हॅलिन बनवत नाही, पण किडीला दूर ठेवणारे पेरामिन बनवतो.

तुमच्या बांधावरचे मारवेल, पवन्या ही एपिक्लोईची गवते नव्हेत. खानदेशात लक्ष द्यायचे ते बाजरीच्या अरगट या बुरशीजन्य रोगाकडे: ती बुरशी फक्त कणसात वाढते, पण तिच्या विषाची पहिली पायरीही ट्रिप्टोफॅनवरची तीच जोडणी. पेरणीआधी बियाणे २० टक्के मिठाच्या पाण्यात बुडवा, तरंगणारे काढून जाळा, उरलेले दोनतीनदा धुऊन सावलीत वाळवा. कणसावर चिकट थेंब दिसले, तर ते कणीस गुरांपुढे टाकू नका.