मोटरहोम घेताना हप्ता नव्हे, पूर्ण किंमत ठरवावी

नमस्कार. तुमच्या प्रश्नाचा सारांश असा की, तुम्ही न्यू जर्सीत राहता, चौघांच्या कुटुंबासाठी फोर्ड ई-४५० चासीवरची पंचवीस फुटांच्या आसपासची नवी क्लास सी मोटरहोम (व्हॅनच्या सांगाड्यावर बांधलेली, राहण्याची सोय असलेली गाडी) तुम्हाला घ्यायची आहे, आणि डीलरने दीड लाख डॉलरच्या छापील किमतीवर पंधरा टक्के सूट देऊ केली असून ती शनिवारपर्यंतच आहे असे बजावले आहे. माझे स्पष्ट मत आहे की शनिवारी सही करू नका. गाडी वाईट आहे असे मी म्हणत नाही. पण हातात एकाच डीलरचा आकडा असताना तो महाग की स्वस्त हे ठरवण्याचे कोणतेही साधन तुमच्याकडे नाही.

मोटरहोमच्या छापील किमतीला मोटारीच्या छापील किमतीइतके वजन देऊ नये. मोटारीच्या काचेवरचा किमतीचा कागद १९५८ च्या कायद्याने बंधनकारक आहे. तो कायदा प्रवासी मोटारींपुरता आहे, त्यामुळे मोटरहोमवर डीलरने लावलेली ‘लिस्ट प्राइस’ उत्पादकाचीच आहे असे गृहीत धरता येत नाही. म्हणून पहिले काम म्हणजे उत्पादकाच्या संकेतस्थळावर तोच फ्लोअर प्लॅन (आतली मांडणी) आणि तेच पर्याय निवडून आकडा पडताळणे. माझ्या पाहण्यात, आवारात पडून राहिलेल्या नव्या क्लास सी गाड्यांवर वीस ते तीस टक्के सूट मिळणे ही नवलाची गोष्ट नाही, विशेषतः पुढच्या वर्षाचे मॉडेल येऊन उभे राहिले असेल तर. डीलर बहुधा कर्ज काढून माल भरतो आणि उभ्या गाडीवर त्याला व्याज द्यावे लागते, त्यामुळे गाडी किती महिन्यांपासून उभी आहे हे विचारण्यात काहीच गैर नाही. पंचवीस टक्के सूट धरली तर तुमची गाडी १,१२,५०० डॉलरला पडते. आत्ताचा प्रस्ताव १,२७,५०० चा आहे. ज्या क्लास बी गाड्यांना (व्हॅनच्या आतच राहण्याची सोय केलेल्या) मागणी जास्त आणि माल कमी असेल, त्यांना मात्र हा हिशोब लावू नका, तिथे सूट कमी असू शकते.

किमतींचा शोध घेताना एक गोष्ट फार उपयोगी पडते, आणि ती डीलर आपण होऊन सांगत नाही. या धंद्यात जुळ्या गाड्या असतात. थॉर या कंपनीची ‘फोर विंड्स’ आणि ‘शॅटो’ या बाहेरची रंगपट्टी आणि आतली सजावट सोडली तर जवळजवळ एकच गाडी आहेत, फ्लोअर प्लॅनचे क्रमांकसुद्धा बहुधा सारखेच. फॉरेस्ट रिव्हर या कंपनीच्या ‘सनसीकर’ आणि ‘फॉरेस्टर’चेही तसेच. तुम्हाला आवडलेल्या गाडीची जुळी बहीण शोधली की तुलनेसाठी मिळणाऱ्या जाहिराती जवळजवळ दुप्पट होतात. आरव्ही ट्रेडर या अशा गाड्यांच्या जाहिरातींच्या संकेतस्थळावर पाचशे मैलांच्या परिघात शोधा, प्रत्येक जाहिरातीतला स्टॉक क्रमांक (डीलरने त्या गाडीला दिलेला क्रमांक), मॉडेल वर्ष आणि मागितलेली किंमत एका तक्त्यात लिहा, आणि दोन-तीन आठवडे त्याच गाड्यांवर नजर ठेवा. ज्या गाडीची किंमत दोनदा उतरली ती विकून डीलरला मोकळे व्हायचे आहे, हे त्या तक्त्यातून आपोआप कळते. वापरलेली गाडी पाहायची झाली तर जे. डी. पॉवरच्या (पूर्वीच्या नाडा गाइडच्या) किंमत-सूचीतल्या ‘लो रिटेल’ आणि ‘अ‍ॅव्हरेज रिटेल’ या दोन आकड्यांपासून सुरुवात करावी, कारण अनेक बँकाही तेच आकडे पाहतात.

तक्ता तयार झाला की शोरूमला न जाता ईमेल करा. चार-पाच डीलरांच्या विक्री व्यवस्थापकांना स्टॉक क्रमांकासह लिहा की तुम्ही महिन्याभरात खरेदी करणार आहात, बँकेची कर्जमंजुरी हातात आहे, आणि तुम्हाला कर, नोंदणी व सर्व शुल्कांसह गाडी आवारातून बाहेर पडेपर्यंतची एकच ‘आउट द डोअर’ रक्कम लेखी हवी आहे. समोरासमोर घासाघीस करायला आपल्यातल्या पुष्कळांना संकोच वाटतो. लेखी व्यवहारात तो प्रश्नच उरत नाही, आणि एका डीलरचा लेखी आकडा दुसऱ्याला सभ्यपणे दाखवता येतो. जो डीलर “आधी या, मग बोलू” एवढेच म्हणतो, त्याला यादीतून वगळावे.

आलेला कागद ओळ न ओळ वाचा. फ्रेट (वाहतूक), प्रेप (गाडी तयार करणे), डॉक्युमेंट फी (कागदपत्रांचे शुल्क), कधी गाडी समजावून सांगण्याचे शुल्क, कधी टायरमध्ये नायट्रोजन भरल्याचे शुल्क: सूट म्हणून दिलेले तीन-चार हजार डॉलर याच ओळींतून परत घेतले जातात. प्रत्येक ओळीवर वाद घालण्यात शक्ती घालवू नका; “तुम्ही त्याला काहीही नाव द्या, तळाची रक्कम एवढीच हवी” असे म्हणा. विक्रीकर मात्र वाटाघाटीचा विषय नाही: शेजारच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या डीलरकडून घेतली तरी गाडीची नोंदणी न्यू जर्सीत होणार, म्हणून ६.६२५ टक्के धरूनच अंदाजपत्रक मांडा.

आता हप्त्याविषयी, कारण सर्वांत मोठे नुकसान तिथे होते. नव्वद हजार डॉलरचे कर्ज आठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी घेतले तर हप्ता सुमारे ७५३ डॉलर बसतो, आणि ऐकायला तो सोपा वाटतो. पण एकूण फेड जवळपास १,८०,७०० होते, म्हणजे मुद्दलापेक्षाही किंचित जास्त व्याज. तेच कर्ज दहा वर्षांत फेडले तर हप्ता सुमारे १,०९२ आणि व्याज सुमारे ४१ हजार. शिवाय बँकेने डीलरला दिलेल्या दरावर डीलर आपला अधिक दर चढवू शकतो. वीस वर्षांच्या कर्जावर नुसत्या एका टक्क्याचा फरक साडेतेरा हजार डॉलरच्या वर जातो. म्हणून आधी तुमच्या क्रेडिट युनियनकडून (सभासदांच्या पतसंस्थेकडून) मंजुरी आणा, आणि डीलरने त्याहून कमी दर दिला तरच त्याच्याकडून कर्ज घ्या. “महिन्याला किती परवडेल?” या प्रश्नाला उत्तर देऊ नका. जुनी गाडी बदल्यात द्यायची असेल तर तिचा विषय नव्या गाडीची किंमत लेखी ठरल्यावरच काढा. एक्स्टेंडेड वॉरंटी त्या दिवशी घेण्याची सक्ती नसते, आणि तिचीही किंमत कमी करून मिळते.

सप्टेंबरात पेनसिल्व्हेनियातल्या हर्शीला भरणारे आरव्ही (मोटरहोमसारख्या गाड्यांचे) प्रदर्शन तुम्हाला जवळ आहे. एकाच दिवशी अनेक फ्लोअर प्लॅनमध्ये झोपून, बसून, शॉवरमध्ये उभे राहून पाहण्यासाठी तिथे जरूर जा. पण तिथे सही करताना हे ध्यानात ठेवा की तीन दिवसांत व्यवहार रद्द करण्याची मुभा देणारा केंद्रीय नियम, विक्रेत्याचे कायमचे ठिकाण दुसरीकडे असेल तर, अशा तात्पुरत्या जागी झालेल्या वाहनविक्रीला लागू होत नाही.

अनामत द्याल तेव्हा ती परत मिळण्याची अट आणि तुमच्या स्वतंत्र निरीक्षकाला गाडी तपासू देण्याची अट त्याच कागदावर लिहून घ्या. नव्या गाडीतही स्लाइड आउट (बाहेर सरकणारा खोलीचा भाग) अडकणे, नळजोड गळणे, छताच्या कडेचे सीलंट अर्धवट असणे हे नेहमी आढळते. टायरच्या बाजूवरचा चार आकडी कोड पाहा: २२२३ म्हणजे २०२३ चा बाविसावा आठवडा, नवी म्हणून विकली जाणारी गाडी किती काळ उभी आहे याचा अंदाज तिथे येतो. पाणी, गॅस, जनरेटर, फ्रिज, एसी हे सर्व तुमच्यासमोर चालवून दाखवले आणि सापडलेले दोष दुरुस्त झाले, की मगच उरलेली रक्कम द्या. डीलरने शनिवारनंतर किंमत वाढवली तर वाढवू द्या; तोपर्यंत तुमच्याकडे बाकीच्या डीलरांचे लेखी आकडे आलेले असतील. ते आले की इथे टाका, ओळीनुसार पाहून सांगतो.