सनरूफचा तुटलेला प्लास्टिक गाइड बनवून घेता येतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: 2004 सालची सेडान, आधी मागून उचलणारं आणि मग मागे सरकणारं काचेचं सनरूफ. बटण दाबलं की उजवी बाजू उचलते, डावी तशीच राहते आणि काच तिरकी होऊन अडकते. काच काढल्यावर डाव्या रेलमध्ये काळ्या प्लास्टिकचे दोन तुकडे सापडले. सर्व्हिस सेंटर म्हणतं सुटा पार्ट येत नाही, पूर्ण असेंब्ली घ्या, आणि ती असेंब्लीही आता बंद झाली आहे. मग तो तुकडा बनवून घेता येईल का?

येईल, आणि नीट बनवलात तर मूळ तुकड्याइतका नक्की टिकेल. पण टर्नरकडे जाण्याआधी तो का तुटला हे शोधा. प्लास्टिक जुनं झालं म्हणून तुटलं असं सगळे धरून चालतात, ते अर्धंच खरं आहे. सनरूफची मोटर एकच दातेरी चाक फिरवते आणि त्याच्या दोन बाजूंनी दोन केबल डाव्या-उजव्या रेलमध्ये जातात. म्हणजे दोन्ही बाजू एकाच वेळी, सारख्याच सरकल्या पाहिजेत. एका रेलमधलं ग्रीस वाळून त्यात धूळ मुरली की ती बाजू मागे राहते, दुसरी ओढत राहते आणि सगळा ताण मागे राहिलेल्या बाजूच्या गाइडवर, म्हणजे काच धरून रेलमध्ये सरकणाऱ्या त्या प्लास्टिकच्या तुकड्यावर येतो. तिथे नवा तुकडा कितीही मजबूत बसवा, तो तरी तुटेल किंवा केबलचे दाते जातील.

म्हणून पहिलं काम सफाईचं. रेल आयसोप्रोपिल अल्कोहोलने आणि सुती फडक्याने शेवटपर्यंत पुसा. रॉकेल किंवा पेट्रोल नको, शेजारचं रबर फुगतं. मग व्हर्नियर कॅलिपरने (बारीक मापं घ्यायचं साधन) रेलच्या खाचेची रुंदी दर 50 मिमीवर मोजून लिहून ठेवा. छपरावर कुणी जोराने दाबलं असेल, लगेजचं वजन पडलं असेल, तर रेलची कड एखाद्या ठिकाणी आत दबलेली असते. फरक 0.2 मिमीच्या वर गेला तर आधी रेल सरळ करून घ्या. डोळ्याला हे दिसत नाही, मोजल्यावरच कळतं.

छपराच्या आतल्या लायनिंगला हात लावण्यापूर्वी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा आणि दहा मिनिटं थांबा. छपराच्या कडेने कर्टन एअरबॅग असेल तर हे टाळून चालणार नाही.

आता तुटलेला तुकडा भिंगाखाली धरा. सरकणाऱ्या बाजूवर चकाकी आलेली असेल, आणि जिथे पिन किंवा कान मुख्य अंगाला जोडलेला होता तिथे काटकोनी कोपऱ्यात एक पांढरट रेघ दिसेल. तडा तिथूनच सुरू झालेला असतो. आतला धारदार कोपरा ही अशा तुकड्यांची सर्वांत कमजोर जागा, आणि नव्या तुकड्यात आपल्याला तीच सुधारायची आहे. तिथे 0.8 ते 1 मिमीची गोलाई द्या. रेलमध्ये तेवढी जागा आहे का हे मात्र आधी पाहून घ्या.

तुकड्याच्या मागे टोकदार कंसात बारीक उठावदार अक्षरं असतात, त्यात मटेरियल लिहिलेलं असतं. पीओएम असेल तर तेच डेलरीन किंवा अॅसिटल, एक कडक, गुळगुळीत प्लास्टिक. पीए66-जीएफ30 असेल तर 30 टक्के काचतंतू घातलेलं नायलॉन.

मापं तुटलेल्या तुकड्याची घेऊ नका. झिजलेल्या, वाकलेल्या तुकड्याचं माप म्हणजे झिजेचंच माप. दुसऱ्या बाजूचा चांगला गाइड काढून त्याची मापं घ्या, आणि इथेच बहुतेकांची चूक होते: डावा आणि उजवा गाइड एकमेकांचे आरशातले प्रतिबिंब असतात. ड्रॉइंग उजव्याचं देऊन पार्ट डावा म्हणून बसवायला गेलं की पिन उलट्या बाजूला येते. ड्रॉइंगवर 'पुढची बाजू' आणि 'काचेची बाजू' असे बाण काढा आणि मिरर करून द्यायचं आहे हे वेगळं लिहा. चांगला तुकडाही वीस वर्षांचा आहे, त्यामुळे सरकणाऱ्या बाजूंचं माप त्याच्यावरून नाही, रेलच्या खाचेवरून ठरवा.

आकार सपाट असेल तर साधा फ्लॅटबेड स्कॅनर उत्तम काम देतो. 600 डीपीआयला एक ठिपका सुमारे 0.04 मिमीचा पडतो. तुकड्याशेजारी स्टीलची पट्टी ठेवून स्कॅन करा, म्हणजे प्रमाण तपासता येतं. काचेपासून वर असलेला भाग पातळ स्कॅनरमध्ये धूसर येतो, तिथे व्हर्नियरच वापरा. भोकांमधलं अंतर मोजताना बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत मोजून त्यातून व्यास वजा करा. मध्यापासून मध्यापर्यंत अंदाजाने मोजलेलं कधीच जुळत नाही.

मटेरियलबद्दल माझं मत ठाम आहे: डेलरीन. अॅल्युमिनियमचा पार्ट बनवा म्हणजे कायमचं काम, असा सल्ला तुम्हाला नक्की मिळेल. तो ऐकू नका. अॅल्युमिनियमच्या रेलमध्ये अॅल्युमिनियमचा गाइड घासला की दोन्ही एकमेकांना चिकटतात, ओरखडे पडतात, रेलवरचा अॅनोडायझिंगचा (कडक, संरक्षक) थर जातो, आणि रेल गेली म्हणजे पूर्ण फ्रेम गेली. शिवाय पुढे कधी काही अडकलं तर तुटण्यासाठी हा छोटा तुकडाच असलेला बरा. तो न तुटता केबल तुटली तर काम दहापट वाढतं.

नायलॉन 6 स्वस्त आणि चिवट असतं, पण पाणी शोषतं. मुंबई-कोकणच्या पावसाळी हवेत 30 मिमीचा तुकडा दोन-तीन दशांश मिलीमीटर फुगू शकतो, आणि आपली एकूण फटच तेवढी असते. मग उन्हाळ्यात छान चालणारं सनरूफ जुलैत अडकतं. काचतंतू घातलेलं नायलॉन ताकदवान असतं, पण त्याचा सरकणारा पृष्ठभाग रेल खरवडतो. उचलणाऱ्या हातासाठी ते ठीक, रेलमध्ये घासणाऱ्या भागासाठी नाही.

बाजारात डेलरीन म्हणून नायलॉन हातात पडतं, कारण पांढरा रॉड दोन्हींचा सारखाच दिसतो. ओळखायची सोपी रीत: 100 मिली पाण्यात 36 ग्रॅम मीठ पूर्ण विरघळवा आणि रॉडचा लहान तुकडा त्यात टाका. साधं नायलॉन तरंगतं, डेलरीन बुडतं. नायलॉनची घनता 1.14 च्या आसपास, डेलरीनची 1.41, आणि संपृक्त मिठाचं पाणी 1.2. तुकड्याला चिकटलेले बुडबुडे बोटाने पुसून मग पाहा. जाळून वास घ्यायची जुनी पद्धत वापरू नका, डेलरीन जळताना फॉर्मल्डिहाइड सुटतं.

रेलमध्ये फट किती ठेवायची? खाचेच्या रुंदीपेक्षा गाइड एकूण 0.2 ते 0.3 मिमी कमी. डेलरीन तापल्यावर वाढतं: 30 मिमीचा तुकडा 50 अंश तापमानवाढीत साधारण 0.16 मिमी लांबतो. मेमध्ये उन्हात उभ्या गाडीचं छप्पर 70 अंशांच्या वर सहज जातं, म्हणून सकाळी गारव्यात घट्ट बसवलेला गाइड दुपारी रुततो. फट 0.5 च्या वर गेली तर उलट त्रास, खड्ड्यांत काच खडखडते.

बनवायचं कुठे? पुण्यात भोसरी-चाकणच्या पट्ट्यात, मुंबईत वसई किंवा अंधेरीच्या गाळ्यांत व्हीएमसीवर (संगणकाने चालणारं मिलिंग मशीन) जॉबवर्क करणारे पुष्कळ आहेत. एकाच तुकड्यासाठी ते नाखूश असतात, कारण खरा वेळ सेटिंगला लागतो. चार मागा: दोन डावे, दोन उजवे. खर्चात फार फरक पडत नाही, दोन्ही बाजू एकदम बदलता येतात आणि एक जोडी डिकीत राहते. एकच बाजू नवी घातली तर जुनी बाजू पुढच्या वर्षी जाते, आणि पुन्हा लायनिंग उतरवणं आलंच.

थ्रीडी प्रिंट चालेल का? चाचणीसाठी अवश्य. पीएलएमध्ये (प्रिंटरचं नेहमीचं प्लास्टिक) एक प्रत काढा, रेलमध्ये हाताने सरकवून पाहा, चुका दुरुस्त करा आणि मग डेलरीन कापायला द्या. दोन-तीन प्रती वाया गेल्या तरी व्हीएमसीच्या एका चुकलेल्या तुकड्यापेक्षा स्वस्त पडतं. पण गाडीत पीएलए ठेवू नका, ते 60 अंशांच्या आसपास मऊ पडतं. पीईटीजी (प्रिंटरचंच दुसरं प्लास्टिक) 80 ला, म्हणजे तेही काठावरच. प्रिंटच कायम ठेवायचा असेल तर पावडर-बेडवर (प्लास्टिकच्या पावडरचे थर वितळवून) केलेला पीए12, म्हणजे नायलॉनचाच एक प्रकार, घ्या. तो नायलॉन 6 पेक्षा खूपच कमी पाणी शोषतो, पण पृष्ठभाग खरखरीत येतो. 400 आणि मग 800 च्या पॉलिश पेपरने पाण्यात घासून घ्या. घरच्या प्रिंटरवर काढणार असाल तर थरांची दिशा पाहा. उभी छापलेली पिन थरांच्या रेषेवर कांडीसारखी मोडते.

पिनेबद्दल आणखी एक. ती प्लास्टिकचीच ठेवण्याचा आग्रह नको. 4 मिमीची स्टेनलेस डॉवेल पिन (गोल, गुळगुळीत पिन) घ्या, गाइडमध्ये 3.95 मिमीचं भोक मागा आणि व्हाइसमध्ये हळू दाबून बसवा. हातोडा नको. पिनेभोवती निदान 2.5 मिमी मटेरियल उरलं पाहिजे, तेवढी जागा नसेल तर 3 मिमीची पिन घ्या आणि भोकही त्या मानाने लहान करा. पिन ज्या खाचेत सरकते ती स्टीलची असेल तर ग्रीस हवंच. प्लास्टिकची असेल तर पिनेचं टोक पॉलिश करा, नाहीतर ती खाच खाऊन टाकते.

काही गाड्यांत गाइड पूर्ण प्लास्टिकचा नसतो. दीड-दोन मिमीच्या स्टील पट्टीवर प्लास्टिक ओतलेलं असतं आणि तुटतं ते फक्त वरचं आवरण. मग पट्टी जपून ठेवा. डेलरीनमध्ये पट्टीच्या जाडीची खाच असलेली टोपी बनवा आणि पट्टीतून आरपार 2 मिमीच्या पिनेने अडकवा. चिकटवायचा विचार सोडा. फेविक्विक काय, इपॉक्सी काय, डेलरीनवर टिकत नाही. पहिल्या उन्हात सुटतं.

केबल मात्र बनवून मिळणार नाही. तिच्यावर तारेचा पीळ ठरावीक अंतराने असतो आणि मोटरचं चाक त्यातच बसतं. पीळ चपटे झाले असतील तर भंगारातली केबल शोधा. मुंबईत कुर्ला, दिल्लीत मायापुरी, चेन्नईत पुदुपेट. सनरूफ बहुधा वेबास्टो, इनाल्फा यांसारख्या कंपन्यांनी बनवलेलं असतं, गाडीच्या कंपनीने नाही. म्हणून फ्रेमवरचं स्टिकर पाहा, दुसऱ्या गाडीतलंही जुळू शकतं. तपासायला 20 पिळांचं अंतर मोजून 20 ने भागा, शिवाय बाहेरचा व्यास मोजा. दोन्ही तंतोतंत जुळले तरच घ्या. भंगारातल्या असेंब्लीतले प्लास्टिक गाइड मात्र तसेच्या तसे बसवू नका, तेही तुमच्याइतकेच जुने आहेत. काचही बनवण्याच्या भानगडीत पडू नका. ती टफन्ड असते, तिच्या जागी अॅक्रिलिक बसवणं धोक्याचं आहे.

बसवताना दोन्ही गाइड रेलमध्ये अगदी समोरासमोर आणा. फ्रेमवर खुणा असतील तर त्यावर, नसतील तर रेलच्या पुढच्या टोकापासून दोन्हीकडे मोजून. एक पीळ मागेपुढे झाला तरी काच तिरकी बंद होते आणि तुमचा नवा तुकडा पहिल्या दिवसापासून ताणाखाली राहतो. मोटर सनरूफच्या पूर्ण मिटलेल्या स्थितीला आणूनच जोडा. लगेच बटण दाबू नका. बहुतेक मोटरींना हाताने फिरवायला षटकोनी भोक असतं, त्यात एलन की घालून पूर्ण उघड-बंद निदान दहा वेळा करा. कुठे हात जड लागला तर तिथे थांबा, तीच जागा पॉलिश पेपरने घासा. मोटर ही जागा कळू देत नाही, ती जोर लावून पुढे जाते. आणि फ्यूज उडत असेल तर जास्त अँपिअरचा लावू नका.

ग्रीस सिलिकॉनचं किंवा पीटीएफईचं (टेफ्लॉनचं), बोटाने पातळ थर. चाकाच्या बेअरिंगचं ग्रीस धूळ धरतं आणि वर्षभरात तुम्ही परत पहिल्या पायरीवर येता. डब्ल्यूडी-40 तर अजिबात नको, ते आहे ते ग्रीसही धुऊन काढतं.

काच परत लावल्यावर उंची जुळवा: पुढची कड छपराच्या बरोबरीत किंवा जास्तीत जास्त 1 मिमी खाली, मागची बरोबरीत किंवा 1 मिमी वर. उलटं झालं तर 60 च्या वेगापासून शिट्टीसारखा आवाज येतो. शेवटी चारही कोपऱ्यांच्या ड्रेन नळ्यांत एकेक करून 200 मिली पाणी ओता आणि ते गाडीखाली पडतंय का बघा. तुंबलेली असेल तर गवत कापायच्या मशीनची 2 मिमीची नायलॉन दोरी, टोक लायटरने गोल करून, हळूहळू आत घाला. कॉम्प्रेसरची हवा मारू नका. पिलरच्या आत नळी निसटते आणि मग पाणी कार्पेटखाली साठत राहतं.