माळावरून आल्यावर लिहिताना
तुझा लेख वाचला. पहिल्याच परिच्छेदात ‘निसर्गरम्य’ तीनदा आलंय, ते आधी काढ. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर माळढोक पक्षी बघायला गेलास ना? मग मोज्यांत रुतलेली कुसळं लेखात कुठे गेली? तिथूनच सुरुवात कर. माळढोक दिसला नाही, तर दिसला नाही असंच लिही. (वर्गात हे दरवर्षी सांगतो, तरी कुणीतरी लेखात पक्षी उडवतोच!) मादी जमिनीवर बहुधा एकच अंडं घालते, आणि या जड पक्ष्याला समोरच्या विजेच्या तारा वेळेत दिसत नाहीत, एवढं नीट सांगितलंस की ‘संवर्धन काळाची गरज’ लिहावं लागत नाही. धनगराचे शब्द तिथल्या तिथे वहीत उतरव. आणि शाईपेन नको, पेन्सिल ने. एका पावसात माझी अख्खी वही निळी झाली होती.