झोपेचीच धास्ती बसली असेल तर काय करावं?

तुम्ही विचारलंय: ‘तीन-चार महिने झाले, रात्री दहाला आडवा होतो आणि दोनपर्यंत टक्क जागा असतो. उठतो साडेसातला. गरम दूध, शवासन, श्वास मोजणं, मोबाइल लांब ठेवणं, सगळं करून झालं. आता संध्याकाळ झाली की पोटात गोळा येतो, आज तरी झोप लागेल का? काय करू?’

या प्रश्नात सगळ्यात महत्त्वाचा आहे तो संध्याकाळचा पोटातला गोळा. झोप पहिल्यांदा ज्या कारणाने उडाली (आजारपण, परीक्षा, नोकरीतली कटकट) ते कारण बहुतेकदा केव्हाच मिटलेलं असतं. मागे उरते ती धास्ती, आणि झोप परत मिळवण्यासाठी लावून घेतलेल्या सवयी: लवकर आडवं होणं, सकाळी लोळत राहणं, दुपारी भरपाई करणं, रात्रीतून चारदा घड्याळ बघणं. निद्रानाश महिनोन्‌महिने टिकतो तो यांच्यामुळे.

झोपेवर हुकमत चालत नाही. दिवसभर जागं राहिल्यामुळे मेंदूत साठत जाणारी झोपेची ओढ आणि शरीराचं घड्याळ, या दोघांनी मिळून झोप येते. त्यात तुमच्या प्रयत्नांना कामच नसतं. उलट ‘लागली का, लागली का’ असा पहारा सुरू झाला की शरीर सावध होतं, छाती धडधडते, आणि सावध शरीर झोपत नाही. म्हणूनच सोफ्यावर टीव्हीसमोर डोळा लागतो आणि अंथरुणावर पाठ टेकली की झोप पळते. सोफ्यावर कुणी झोपायचा प्रयत्न करत नाही.

दूध किंवा शवासन वाईट नाही. पण ‘हे केलं की झोप लागलीच पाहिजे’ म्हणून केलं, तर ती रोजची परीक्षा होते. आवडत असेल तर जायफळ घातलेलं दूध जरूर प्या, चवीसाठी प्या. ते चुकलं तर रात्र बिघडेल असं वाटायला लागलं, तर काही दिवस मुद्दाम सोडा.

आता प्रत्यक्ष काय करायचं. आधी एक आठवडा नोंद ठेवा, तीही सकाळी चहा पिताना आणि अंदाजानेच: किती वाजता आडवे झालात, साधारण कधी डोळा लागला, कधी उठलात. रात्री काहीही लिहायचं नाही, घड्याळ भिंतीकडे वळवून ठेवायचं. झोप मोजणारा पट्टा मनगटावर असेल तर तो काढाच. त्याचा सकाळचा आकडा बघून बरं असलेलं माणूसही दिवसभर थकल्यासारखं वावरतं.

तुमच्या सांगण्यावरून तुम्ही अंथरुणात साडेनऊ तास असता आणि झोपता साडेपाच तास, म्हणजे ५८ टक्के. हे प्रमाण ८५ च्या आसपास हवं. त्यासाठी अंथरुणातला वेळ कमी करायचा. ही पद्धत अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ आर्थर स्पीलमन यांनी १९८७ मध्ये मांडली, आणि माझ्या मते धास्तीवर याहून चांगला उपाय नाही, कारण झोपेची ओढ इतकी वाढते की काळजी करायला फुरसत उरत नाही. उठण्याची वेळ पक्की करा, समजा सहा. रविवारीही सहाच. त्याआधी सहा तास, म्हणजे रात्री बाराच्या आत अंथरुणावर जायचं नाही. आठवड्याची सरासरी ८५ टक्क्यांच्या वर गेली की झोपायची वेळ १५ मिनिटं अलीकडे आणा, पावणेबारा. नाही गेली तर आहे तिथेच थांबा. साडेपाच तासांच्या खाली कधीही उतरू नका. साधारण सहा ते आठ आठवडे धरून चाला.

पहिले आठ-दहा दिवस जड जातात. दिवसा पेंग येते, चिडचिड होते, आणि बहुतेक जण इथेच ‘हे आपल्याला जमणार नाही’ म्हणून सोडतात. खरं तर ती पेंग म्हणजे उपाय लागू पडतोय याची खूण. वामकुक्षी मात्र बंद. या दिवसांत पेंगुळलेले असताना दुचाकी किंवा गाडी चालवू नका. चहा-कॉफी दुपारी दोनपर्यंतच, कारण पाच वाजता घेतलेल्या कॅफीनपैकी जवळजवळ निम्मं दहा वाजताही अंगात असतं.

दुसरा नियम अमेरिकेतलेच मानसशास्त्रज्ञ रिचर्ड बूटझिन यांचा, १९७२ चा. साधारण वीस मिनिटं झोप नाही लागली, किंवा त्याआधीच चडफड सुरू झाली, तर उठायचं. वीस मिनिटं घड्याळ लावून मोजायची नाहीत. उठून मंद दिव्यात काहीतरी हलकंफुलकं करा: जुना दिवाळी अंक चाळा, कपड्यांच्या घड्या घाला. ऑफिसची मेल नको. एकाच खोलीचं घर असेल तर कोपऱ्यात खुर्ची किंवा चटई टाकली तरी चालते, फक्त अंथरूण सोडायचं. परत कधी जायचं? थकवा आला म्हणून नाही, पापण्या मिटायला लागल्या आणि तीच ओळ पुन्हा पुन्हा वाचली जायला लागली की.

आणि इथे एक चूक फार जण करतात. सगळं नीट करतात, पण मनात हिशेब चालूच: ‘मी काळजी सोडली, मग झोप का नाही आली?’ हाही पहाराच झाला. काळजी सोडायची ती झोप यावी म्हणून नाही, जागं राहणं सुसह्य व्हावं म्हणून. यावर व्हिएन्नाचे मानसोपचारतज्ज्ञ व्हिक्टर फ्रँकल यांचा उलटा उपाय करून बघा. दिवा बंद, अंग सैल, डोळे उघडे, आणि स्वतःला सांगायचं, ‘अजून थोडा वेळ जागं राहू.’ झोपेशी झगडायचं नाही, पापण्या मिटल्या तर मिटू द्यायच्या. झोपण्याचा आग्रह गेला की नापास होण्याची भीतीही जाते.

‘आज झोपलो नाही तर उद्याचा दिवस वाया’ हा विचार दिवसाढवळ्या कागदावर तपासा. गेल्या महिन्यातल्या वाईट रात्रींनंतर कामावर नेमकं काय बिघडलं? वाईट रात्रीनंतर शरीर आधी गाढ झोपेची भरपाई करतं, गेलेला तास न्‌ तास परत मिळवावा लागत नाही. शिवाय निद्रानाशात माणूस आपली झोप आहे त्यापेक्षा कमीच धरतो. घरच्यांना एक विनंती करा: सकाळी ‘लागली का झोप?’ असं विचारू नका.

मोठ्याने घोरणं, झोपेत श्वास अडकणं, रात्री पायांत अस्वस्थता, फिट्स, बायपोलर आजार किंवा गरोदरपण असेल तर वेळ कमी करण्याचा प्रयोग डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. झोपेच्या गोळ्या चालू असतील तर एकदम बंद करू नका. अल्प्राझोलामसारखी गोळी अचानक थांबवली की झोप आणखी उडते, क्वचित फिटही येते. डोस डॉक्टरच हळूहळू उतरवतील. मानसोपचारतज्ज्ञाकडे गेलात तर ‘सीबीटी-आय’ (विचार आणि सवयी बदलून निद्रानाशावर केला जाणारा उपचार) करतात का, असं स्पष्ट विचारा. वर सांगितलेल्या बहुतेक गोष्टी त्यातल्याच आहेत, आणि अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संघटनेने २०१६ मध्ये जुनाट निद्रानाशावर गोळ्यांच्या आधी हाच उपचार सुचवला. मन फार खचलं असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर आठ आठवडे थांबू नका. सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक रात्रीही चालू असतो, आणि मराठीत बोलता येतं.