पावलांचा आवाज फाटतो

प्रश्न : मुलगी न्यू जर्सीत हायस्कूलला आहे. शाळेच्या स्टेप टीमवर (स्टेप म्हणजे पाय आपटून, टाळ्या वाजवून ताल धरणारा सामूहिक नाच) तिला दोन मिनिटांची व्हिडिओ-बातमी करायचीय. जिममध्ये मोबाइलवर शूट केलं, पण पावलांचा आवाज फाटतो आणि टाळ्या चित्राच्या मागे पडतात. काय करावं?

उत्तर : स्टेपमध्ये बूट, तळहात, मांडी आणि आरोळी हीच वाद्यं. आवाज गेला की बातमी गेली. मोबाइल शांततेत माइकची पातळी आपोआप वाढवतो आणि पहिल्या दणक्याला आवाज फाटतो. तो नंतर एडिटिंगमध्ये धड सुधारत नाही. पातळी हातानं ठरवता येणारं ॲप घ्या. टीमला सगळ्यात जोरात पाय आपटायला लावा आणि तेव्हा ॲपमधलं आवाजाचं मीटर उणे 12 डेसिबलच्या आसपास राहील असं बघा (शून्याला आवाज फाटतो). लाकडी फरशीचा हादरा ट्रायपॉडमधून माइकमध्ये चढतो, म्हणून ट्रायपॉडच्या पायांखाली घडी घातलेला टॉवेल ठेवा.

टाळ्या मागे पडतात त्या बहुधा अंतरामुळे. 20 मीटरवरून आवाज यायला सेकंदाचा सतरावा भाग लागतो, म्हणजे सेकंदाला 30 फ्रेमच्या व्हिडिओत जवळजवळ दोन फ्रेम. चार-पाच मीटरवर जा.

पूर्ण स्टेप एकदा न थांबता वाइडमध्ये, म्हणजे सगळी टीम दिसेल अशी घ्या. मग तीच पुन्हा करायला सांगून कॅमेरा घोट्याच्या उंचीवर ठेवा आणि फक्त बूट टिपा. आवाज मात्र पहिल्याच टेकचा ठेवा.

ही कला अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या कॉलेज-संघटनांमधून वाढली, हे एका वाक्यात यायलाच हवं. मुलाखतीत ‘कसं वाटतं?’ नको, कॅप्टनला एक स्टेप सावकाश फोडून दाखवायला सांगा.