वाटीभर जेवणाची तयारी

वाचकांचे प्रश्न, आहारतज्ज्ञांची उत्तरे

प्रश्न : सप्रेम नमस्कार. मी कोथरूडला राहते. वय ४३, शाळेत शिक्षिका आहे. उंची १५७ सेंटिमीटर आणि वजन ११२ किलो आहे. नऊ वर्षांपासून मधुमेह आहे, झोपेत श्वास अडकतो आणि गुडघ्यांमुळे दुसऱ्या मजल्यावरच्या वर्गात पोहोचेपर्यंत दोनदा थांबावे लागते. बाकी सगळे उपाय करून झाल्यावर डॉक्टरांनी वजन कमी करण्याची ‘स्लीव्ह’ शस्त्रक्रिया सुचवली असून ती दीड महिन्याने ठरली आहे. त्यानंतर दोन महिन्यांनी आमच्याकडे गणपती बसतो. घरचा स्वयंपाक मीच करते. माझी तयारी कशी असावी, आणि नातेवाइकांना काय सांगावे?

उत्तर : तुम्ही तयारीविषयी विचारलेत याचा मला मनापासून आनंद झाला. माझ्याकडे येणारे बहुतेक जण शस्त्रक्रियेचा खर्च आणि किती किलो कमी होतील एवढेच विचारतात. घरी परतल्यावरच्या पहिल्या जेवणाचा विचार कोणी केलेला नसतो. शस्त्रक्रिया दोनेक तासांत आटोपते. पुढची घडी बसायला मात्र वर्ष जाते, आणि ते काम तुमच्याच स्वयंपाकघरात व्हायचे असते.

स्लीव्ह शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात आणि केळ्याच्या आकाराची एक अरुंद नळी शिल्लक राहते, जिच्यात साधारण १०० ते १५० मिलिलिटर मावते. हा आकडा ऐकून काही कळत नाही, म्हणून मी टेबलावर आमटीची एक स्टीलची वाटी ठेवते आणि औषधाच्या बाटलीच्या झाकणाने तिच्यात पाणी मोजून भरायला लावते. दहा मिलिलिटरची पंधरा झाकणे झाली की वाटी काठोकाठ भरते आणि समोरची व्यक्ती गप्प होते. सुरुवातीचे काही महिने या वाटीतले निम्मे अन्नही पुरेसे होते, आणि तेवढे संपवायला वीस-पंचवीस मिनिटे लागतात. तुम्ही हा प्रयोग आजच घरी करावा आणि तो घरातल्या सर्वांसमोर करावा.

जठराच्या काढून टाकलेल्या भागातच भूक जागवणारे घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः तयार होत असते. त्यामुळे पहिले काही महिने भूक फारशी लागत नाही आणि माणसाला वाटते, आपण जिंकलो. पुढे भूक हळूहळू परतते. ती परतेपर्यंत नव्या सवयी अंगवळणी पडलेल्या असाव्यात, म्हणून त्या शस्त्रक्रियेआधीच सुरू करायच्या. हातातल्या दीड महिन्यात लहान ताटलीत जेवायला लागा, प्रत्येक घास अगदी लगदा होईपर्यंत चावा, आणि जेवताना व जेवणानंतर अर्धा तास पाणी पिऊ नका. हे शेवटचे सर्वांत अवघड जाते, कारण पाटाशेजारी भरलेले भांडे ठेवूनच जेवायला बसण्याचे वळण आपल्याला लहानपणापासून आहे.

झोपेच्या तपासणीनंतर श्वासासाठी यंत्र वापरायला सांगितले असेल, तर ते आतापासून रोज वापरा. त्याने भुलीचा धोका कमी होतो. हिमोग्लोबिन, लोहाचा साठा, बी १२, ड जीवनसत्त्व आणि थायरॉइड या तपासण्यांत काही कमी आढळले, तर ते आधी भरून काढावे लागते. आपल्या शाकाहारी घरांत बी १२ बहुधा कमीच सापडते. शेवटचे दोन आठवडे कमी उष्मांकांचा, बराचसा पातळ आहार देतात, आणि अनेकांना ती उगाचची शिक्षा वाटते. यकृताचा डावा भाग जठरावर आलेला असतो. चरबीमुळे तो सुजलेला असेल, तर दुर्बिणीतून काम करणाऱ्या सर्जनला जठरापर्यंत पोहोचणे अवघड जाते. या आहाराने यकृत आकसते आणि शस्त्रक्रिया सुरक्षित होते. मात्र तुम्हाला मधुमेह आहे. जेवण निम्म्यावर आणून गोळ्या किंवा इन्सुलिन पूर्वीइतकेच घेतले, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते, म्हणून हा आहार सुरू करण्याच्या आदल्या दिवशीच डॉक्टरांकडून मात्रा ठरवून घ्या. शस्त्रक्रियेनंतरही वजन फारसे उतरण्याआधीच साखर उतरू लागते, त्यामुळे मात्रा पुन्हा बदलते.

घरी आल्यावर साधारण दोन आठवडे पातळ पदार्थ, पुढचे दोन आठवडे मिक्सरमधून काढलेले गुळगुळीत अन्न, मग मऊ आणि सहा ते आठ आठवड्यांनी नेहमीचे, असा क्रम असतो; नेमके दिवस तुमचे सर्जन सांगतील तेच धरा. आपल्याकडे आजारी माणसाला वरणाची निवळ पाजतात. तिच्याने घशाला बरे वाटते, पण तिच्यात प्रथिने नावापुरतीच असतात, आणि तुम्हाला दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रथिने हवी आहेत. निवळीवर राहिलेल्या माणसाचे वजन उतरते खरे, पण त्यात स्नायूही झिजतात. म्हणून दूध, घट्ट दही, मुगाच्या डाळीचे गाळ न काढता घोटलेले वरण, पुढे पनीर आणि खात असाल तर अंडे, हे आधी पोटात गेले पाहिजे. एका अंड्यात सहा ग्रॅम आणि शंभर ग्रॅम पनीरमध्ये अठराच्या आसपास प्रथिने असतात. यावरून ध्यानात येईल की पहिल्या महिन्यांत प्रथिनांच्या पावडरीशिवाय हिशेब जुळत नाही. तीत कमीपणा मानू नका. भात आणि पोळी यांची पाळी शेवटी. मऊ पोळीचा गोळा होऊन तो अडकतो, आणि भात पोटात गेल्यावर फुगल्यासारखा वाटतो, असे अनेक जण सांगतात.

पाणी दिवसाला दीड लिटर तरी हवे, पण घोटाघोटाने. शाळेत तासामागून तास असताना हे जमणार नाही असे वाटेल. टेबलावर बाटली ठेवा आणि दर पंधरा मिनिटांनी दोन घोट घ्या, पण जेवणाच्या डब्याआधी आणि नंतर अर्धा तास थांबा.

आता गणपती. तोपर्यंत तुम्ही नेहमीच्या अन्नाकडे वळत असाल, पण उकड मळणे, वीस माणसांचे पान वाढणे आणि स्वतः उभ्याने काहीतरी तोंडात टाकणे हे या वर्षी नको. गोड खाल्ल्यावर काहींना घाम, धडधड आणि गरगर होते. शिवाय मोदकाची चिकट पारी त्या अरुंद नळीसाठी नाही. चमचाभर सारण प्रसाद म्हणून बसून, सावकाश घ्या. मोदक वळायला जाऊबाई, नणंद, मुले यांना आतापासून सांगून ठेवा. घरातल्या बाईचे जेवण सगळ्यांचे झाल्यावर, घाईत आणि उरलेसुरले असते; हीच सवय शस्त्रक्रियेनंतर सर्वांत जास्त नडते, असे मी इतक्या वर्षांत पाहिले आहे.

नातेवाइकांना एवढेच सांगा : “पोटाची शस्त्रक्रिया झाली आहे, डॉक्टरांनी थोडे थोडे खायला सांगितले आहे.” हे खरे आहे आणि पुरेसे आहे. अडचण येते ती पानात काही टाकायचे नाही या शिकवणीची. ही शिकवण चांगली आहे, मी स्वतः तिच्यात वाढले आहे, पण तुमच्यापुरती तिची जागा वाढण्याच्या वेळी आहे : पानात मुळातच दोन चमचे वाढून घ्यायचे. उचकी लागणे, नाक वाहू लागणे, छातीच्या मध्यावर दाब येणे या पोट भरल्याच्या खुणा आहेत. त्यानंतरचा एक घास उलटी घडवतो, मग ताटात तो एकच उरलेला असो.

जीवनसत्त्वांच्या गोळ्या आयुष्यभर घ्यायच्या आहेत. जठराचा जो भाग काढतात, तोच बी १२ शोषण्यासाठी लागणारा घटक तयार करतो, म्हणून नुसत्या दूध-दह्यावर भागत नाही. कॅल्शियम आणि लोह यांच्या गोळ्यांत दोन तासांचे अंतर ठेवा. गुडघ्यांसाठी आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक घेत असाल, तर सर्जनना आधी दाखवा, कारण त्यांनी जठराला व्रण होऊ शकतो. चालणे पहिल्या दिवसापासून करा, पण सपाटीवर. टेकडी चढण्याची घाई नको. घरी आल्यावर ताप, सतत धडधड, वाढत जाणारी पोटदुखी, धाप किंवा एका पोटरीला सूज यांपैकी काहीही झाले, तर सकाळ होण्याची वाट न पाहता रुग्णालयात जा. हा परिच्छेद कापून फ्रिजवर लावला तरी चालेल.

प्रश्न : वय ३६, हडपसरला राहतो, सॉफ्टवेअर कंपनीत आहे. पाच महिन्यांपूर्वी वजन कमी करण्याची बायपास पद्धतीची (जठराची लहान पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडण्याची) शस्त्रक्रिया झाली. २९ किलो कमी झाले, पण गेले तीन आठवडे काटा हललेला नाही. केस मूठमूठ गळत आहेत. मित्राच्या वाढदिवसाला केक खाल्ला, तर अर्ध्या तासाच्या आत घाम फुटून आडवे पडावे लागले. काही बिघडले आहे का?

उत्तर : तुम्ही सांगितलेल्या तिन्ही गोष्टी माझ्याकडे दर आठवड्याला कोणी ना कोणी सांगते, तेव्हा घाबरून जाऊ नका. केकचे कारण सरळ आहे. बायपासनंतर साखर जठरात न रेंगाळता थेट लहान आतड्यात उतरते, आतडे तिच्याकडे पाणी ओढून घेते आणि घाम, धडधड, पोटात कळ, जुलाब असा त्रास होतो. याला डंपिंग म्हणतात. खाल्ल्यानंतर एक ते तीन तासांनी हातपाय थरथरले किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली, तर तो साखर एकदम उतरल्याचा वेगळा प्रकार असतो आणि तो डॉक्टरांना सांगायलाच हवा.

केस तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात गळतात, कारण शस्त्रक्रियेचा ताण आणि झपाट्याने उतरणारे वजन यांमुळे बरेचसे केस एकाच वेळी विश्रांतीच्या अवस्थेत जातात. मुळे शाबूत असतात आणि केस परत येतात. महागडी तेले घेण्याआधी प्रथिने मोजा आणि लोह, फेरिटिन (लोहाचा साठा), झिंक तपासून घ्या. काटा थांबण्याचे म्हणाल, तर वजन पायऱ्यापायऱ्यांनी उतरते. रोज काट्यावर उभे राहणे बंद करा, आठवड्यातून एकदा पुरे, आणि पट्ट्याचे भोक पाहा. तीन आठवड्यांत ते एकाने आत गेले असेल, तर शरीराचे काम चालू आहे. जेवण आणखी कमी करू नका. आठवड्यातून दोन-तीन दिवस स्नायूंना ताण देणारा व्यायाम जोडा.

तुम्ही विचारले नाही, तरी वाढदिवसाचा विषय निघाला म्हणून लिहिते. बायपासनंतर दारू फार लवकर रक्तात चढते आणि फार वेळ राहते. पूर्वीच्या अंदाजाने एक पेला घेऊन गाडी चालवणे जिवावर बेतू शकते. खाण्यात मिळणारा दिलासा बंद झाल्यावर तो पेल्यात शोधण्याकडे मन वळते आणि त्यातून व्यसन जडलेली माणसे मी जवळून पाहिली आहेत. सध्या तो विषय दूरच ठेवा, आणि मन रिकामे वाटत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांशी बोलायला संकोच करू नका.

प्रश्न : आरोग्यविम्यातून या शस्त्रक्रियेचा खर्च मिळतो का?

उत्तर : विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ मध्ये ठरवलेल्या शब्दयोजनेनुसार, रुग्णाचे वय १८ वर्षे किंवा त्याहून अधिक असावे, डॉक्टरांचा सल्ला असावा आणि बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती हे सांगणारा आकडा) ४० किंवा त्याहून अधिक असावा, किंवा तो ३५ किंवा त्याहून अधिक असून अनियंत्रित मधुमेह, झोपेतील श्वासरोधाचा तीव्र विकार अथवा हृदयविकार असावा आणि इतर उपाय निष्फळ ठरलेले असावेत. प्रतीक्षाकाळ प्रत्येक पॉलिसीत वेगळा असतो, म्हणून तारीख ठरवण्याआधी लेखी मंजुरी घ्या. आहार आणि औषधांच्या आधीच्या प्रयत्नांच्या चिठ्ठ्या जपून ठेवा. दाव्याच्या वेळी त्याच उपयोगी पडतात.

प्रश्न : मी सदाशिव पेठेत राहणारी ६८ वर्षांची गृहिणी आहे. सुनेची बायपास होऊन आठ महिने झाले. मी प्रेमाने वाढते, ती दोन घास खाऊन उठते, मला वाईट वाटते. शिवाय लग्नाला सहा वर्षे झाली, नातवंडाची आस आहे. आता विचार करायला हरकत नाही ना?

उत्तर : तुमच्या पत्रातली माया मला जाणवली. सून दोन घास खाऊन उठते, ते तिला त्याहून जास्त जातच नाही म्हणून. त्यात तुमच्या हाताचा अव्हेर नाही. तुमची हौस पुरवायची वाट निराळी आहे. पुरणपोळीऐवजी तिला मुगाचे मऊ धिरडे करून द्या, पनीरची मऊ भुर्जी करा, मोड आलेल्या मटकीची उसळ कमी तिखटाची करा, आणि ती चार वेळा थोडे थोडे खाते, तेव्हा शेजारी बसा. “एवढंच?” हा शब्द मात्र तोंडातून जाऊ देऊ नका.

बाळाचा निर्णय त्या दोघांचा आहे. शस्त्रक्रियेनंतर किमान १२ ते १८ महिने थांबायला सांगतात, कारण वजन वेगाने उतरत असताना आणि लोह, बी १२, फॉलिक आम्ल यांचा साठा कमी असताना गर्भाची वाढ नीट न होण्याचा धोका असतो. वजन उतरले की पाळी नियमित होऊन दिवस राहण्याची शक्यता वाढते, आणि बायपासनंतर तोंडाने घ्यायच्या गर्भनिरोधक गोळ्यांवर पूर्ण भरवसा ठेवता येत नाही. म्हणून तोवर कोणते साधन वापरायचे हे तिने स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोलून ठरवावे. पुढे दिवस राहतील, तेव्हा पहिल्याच भेटीत बायपास झाल्याचे डॉक्टरांना सांगायला हवे. गरोदरपणात ग्लुकोजचे पाणी पाजून साखर तपासतात. तेवढ्या गोडाने तिला घाम आणि गरगर होऊ शकते, त्यामुळे तिच्याबाबतीत घरच्या यंत्रावर आठवडाभर उपाशीपोटी आणि जेवणानंतर साखर मोजण्याचा पर्याय ते सुचवतील.