कॉर्नरला हळूच पाय लावून निघून जाणं नियमात बसतं का?

बसतं, शंभर टक्के. फुटबॉलमध्ये एकाने कॉर्नरच्या (मैदानाच्या कोपऱ्यातून घ्यायच्या किकच्या) बॉलला हळूच पाय लावून निघून जायचं आणि दुसऱ्याने तोच बॉल सरळ पळवत न्यायचा, हा डाव की लबाडी, आणि असे आणखी कोणते डाव आहेत, असं तुम्ही विचारलंय. डावच आहे. याच डावावरचा माझा गोल रद्द झालाय, म्हणून सविस्तर सांगतो.

2014 साल, मी बारावीत. भुसावळला आंतरशालेय सामना. काळ्या मातीचं मैदान, पाऊस नुकताच उघडलेला, बुटांना चिखलाचे गोळे. 1-1 बरोबरी, शेवटची पाच-सात मिनिटं, आणि आम्हाला कॉर्नर मिळाला. मी बॉल चुन्याच्या कमानीत ठेवला, बुटाच्या आतल्या बाजूने वीतभर पुढे ढकलला आणि "तू घे रे भो" म्हणत बॉक्सकडे पळालो. जोडीदार रावेरकडचा. केळीच्या बागेला पाणी सोडून घरी निघाल्यासारखा रमतगमत आला. समोरचे सगळे हेडरसाठी एकमेकांचे शर्ट धरून उभे. त्याने बॉल गोललाइनच्या कडेकडेने आत नेला, मागे माझ्याकडे दिला, मी मारला. जाळीत!

लाइनमनचा झेंडा वर. रेफरी म्हणाले, कॉर्नर घेतलाच नाही, परत घ्या. पुढे पेनल्टीवर हरलो. परतीच्या एसटीत आमचे सर, म्हणजे आमचे कोच, सगळ्यांदेखत म्हणाले, "सरळ खेळावं, लबाडी अंगाशी येते." ते वाक्य मला आजही मान्य नाही.

नियम काय म्हणतो? बॉलला पाय लागला आणि तो हलला की खेळ सुरू. 2016 पासून तो 'स्पष्टपणे' हलावा लागतो, पण वीतभर म्हणजे स्पष्टच की. मी लगेच दुसऱ्यांदा पाय लावला असता तर समोरच्यांना इनडायरेक्ट फ्री किक (जिच्यावर थेट गोल करता येत नाही ती) मिळाली असती. मी लावला नाही. पास आला तेव्हा मी बॉलच्या मागे होतो, म्हणजे ऑफसाइडही (गोलकडे नियमापेक्षा पुढे उभं असणंही) नाही. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, बॉल हलला त्या क्षणी 9.15 मीटर लांब राहायचं बंधन समोरच्यांवरूनही उठतं. तेही धावत येऊन बॉल काढून घेऊ शकत होते. त्यांचं लक्ष नव्हतं, यात माझी लबाडी कुठे आली?

11 जानेवारी 2009 ला मँचेस्टर युनायटेडने चेल्सीविरुद्ध हेच केलं. रूनीने पाय लावला, गिग्जने क्रॉस टाकला, रोनाल्डोने हेडर मारला, आणि लाइनमनच्या झेंड्याने तोही गोल रद्द झाला.

बाकीचे डाव थोडक्यात. दोघांनी मिळून पेनल्टी घेणं, म्हणजे एकाने गोलवर न मारता जोडीदाराला पास देणं, चालतं (आयाक्सकडून क्रायफ-ओल्सन 1982, बार्सिलोनाकडून मेस्सी-सुआरेझ 2016), फक्त बॉल पुढेच गेला पाहिजे. फ्री किकला दोन्ही पायांनी एकदम बॉल उचलणंही चालतं.

हो, एक राहिलं. बॉलवर नुसता तळवा टेकवून निघालात तर तो हलला असं धरत नाहीत. आणि समोरच्यांचं लक्ष उडवायला काही ओरडलात तर पिवळं कार्ड मिळू शकतं. मी हाक मारली होती ती माझ्या जोडीदाराला.

तुम्ही हा डाव टाकणार असाल तर सामन्याआधी रेफरी आणि लाइनमनला सांगून ठेवा. शाळेच्या संघात हे काम कोचचं असतं, पोरांचं नाही. आम्ही तो डाव सरांना आदल्या आठवड्यात मैदानावर करून दाखवला होता.